मनोरीच्या धक्क्यावरची कसोटी

मुंबई महानगरपालिकेला लोकनियुक्त सभागृह पुन्हा लाभले, ही घटना निकालाच्या गुलालात काहीशी झाकोळून गेली. कोणाच्या किती जागा आल्या, कोणाचा गड ढासळला, कोणाची युती टिकली याची चर्चा भरपूर झाली. परंतु देशातील सर्वांत श्रीमंत महापालिका जवळजवळ चार वर्षे एकाही नगरसेवकाविना चालली, याची जेवढी खंत समाजाला वाटायला हवी होती, तेवढी वाटलेली दिसत नाही. मागील सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. त्यानंतर आरक्षणाचा वाद, प्रभागांची संख्या आणि सीमा यांवरील तंटे, न्यायालयातील तारखा यांत वर्षांमागून वर्षे गेली. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि १५ जानेवारी २०२६ रोजी मुंबईकरांनी मतदान केले. २२७ जागांपैकी भारतीय जनता पक्षाला ८९ आणि एकनाथ शिंदे यांच्या नेतृत्वाखालील शिवसेनेला २९ जागा मिळाल्या. महायुतीला स्पष्ट बहुमत मिळाले आणि भाजपा प्रथमच महापालिकेतील सर्वांत मोठा पक्ष झाला.

या निकालाचा आनंद मानणाऱ्यांत आमच्या वाचकांपैकी अनेक जण असतील. तो आनंद स्वाभाविक आहे. मात्र विजयाचा उत्सव संपतो तेथूनच कारभाराची परीक्षा सुरू होते. केंद्रात, राज्यात आणि आता महापालिकेत एकाच विचाराची सत्ता आहे. अडवणूक करणारे राज्य सरकार, निधी रोखणारे केंद्र सरकार, ऐकून न घेणारा मित्रपक्ष, यांपैकी एकही सबब आता उरलेली नाही. १९९७ नंतरच्या पाव शतकात या महापालिकेवर शिवसेनेचे वर्चस्व होते. परंतु त्यातील मोठ्या काळात भाजपाही सत्तेचा भागीदार होता, हेही मुंबईकर विसरलेले नाहीत. त्यामुळे मागल्यांच्या नावाने बोटे मोडण्यात नव्या कारभाऱ्यांनी वेळ दवडू नये. प्राधान्यक्रम कोणते आणि ते कोणासाठी, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर आता त्यांनी द्यायचे आहे.

अमेरिकेत नवा राष्ट्राध्यक्ष आला की पहिल्या शंभर दिवसांचा हिशेब मांडण्याची प्रथा आहे. १९३३ साली महामंदीच्या काळात फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सत्ता हाती घेताच ज्या वेगाने कायदे करून घेतले, त्यातून ही मोजपट्टी रूढ झाली. तेथे नवा अध्यक्ष एकटा येत नाही. मंत्र्यांपासून विविध खात्यांच्या प्रमुखांपर्यंत सुमारे चार हजार पदांवर त्याच्या मर्जीतील माणसे नेमली जातात. म्हणूनच ‘अमुक अध्यक्षाचे प्रशासन’ हा शब्दप्रयोग तेथे अक्षरशः खरा असतो. यश आले तर त्याचे, अपयश आले तर तेही त्याचेच. उत्तरदायित्वाचा पत्ता शोधत नागरिकाला दारोदार हिंडावे लागत नाही.

मुंबईच्या महापौरांकडे यातले काय आहे? मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ सालचा. परकीय सत्तेला नगरपित्यांच्या हाती तिजोरी सोपवायची नव्हती. म्हणून कार्यकारी अधिकार शासननियुक्त आयुक्ताकडे राहिले. स्वातंत्र्य आले, राज्ये बदलली, १९९२ साली चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती झाली, तरी ही मूळ चौकट कायम आहे. महापौर सभा चालवतात, पाहुण्यांचे स्वागत करतात, नगरीचे प्रथम नागरिक म्हणून मान घेतात. आयुक्तांची नेमणूक आणि बदली मात्र मंत्रालयात ठरते. १९९८ साली युती शासनाच्या काळात मुंबई आणि नागपूर येथे महापौर परिषदेची पद्धत आणून महापौरांना मंत्रिमंडळासारखे अधिकार देण्याचा प्रयोग झाला. तो पुरता रुजण्याआधीच १९९९ मध्ये गुंडाळला गेला. प्रयोग फसला म्हणून सोडून दिला की अधिकार वाटून घेणे कोणालाच मानवले नाही म्हणून, याची प्रामाणिक चिकित्सा आजवर झालेली नाही. राज्यात आणि महापालिकेत एकच सत्ता असताना ती चिकित्सा करण्याइतका अनुकूल काळ दुसरा कोणता?

चार वर्षांच्या प्रशासकीय राजवटीने हा दोष अधिकच ठळक केला. सभागृह, स्थायी समिती, सुधार समिती, प्रभाग समित्या या साऱ्यांचे अधिकार एका खुर्चीत एकवटले. प्रस्ताव मांडणारा आणि त्याला मंजुरी देणारा एकच. अशा व्यवस्थेत कामे वेगाने होतात, हे खरे. सागरी किनारा मार्गाचा पहिला टप्पा याच काळात खुला झाला, सुमारे ७०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाचा घाट याच काळात घातला गेला. परंतु वेग आणि विवेक यांची गाठ घालून देणारी जागा म्हणजे सभागृह. एखादा खर्च आत्ताच का, एवढाच का आणि येथेच का, हे उभे राहून विचारणारा माणूस नसेल तर चांगल्या अधिकाऱ्याचाही निर्णय एकांगी होतो. अधिकाऱ्यांच्या हेतूवर शंका घेण्याचा येथे प्रश्न नाही. प्रश्न विचारण्याची जागाच चार वर्षे रिकामी होती, हे मूळ दुखणे आहे.

आता त्या रिकाम्या जागा भरल्या आहेत. तेथे बसणाऱ्यांनी नगरीकडे कोठून पाहायचे? बोरीबंदरच्या मुख्यालयातून पाहिले तर मुंबई उड्डाणपुलांची, भुयारांची आणि मनोऱ्यांची दिसते. आमची सूचना अशी, की नव्या कारभाऱ्यांनी नगरीच्या अगदी कडेला असलेल्या एका गावातून मुंबईकडे पाहावे. त्या गावाचे नाव मनोरी.

मालाड पश्चिमेला मार्वेच्या किनाऱ्यावर उभे राहिले की खाडीपलीकडे मनोरी दिसते. फेरीबोटीने पलीकडे जायला काही मिनिटे पुरतात. बोट बंद असेल तर मात्र भाईंदर गाठायचे, उत्तनवरून धारावी बेटाच्या टोकापर्यंत यायचे, म्हणजे आपल्याच महापालिकेच्या हद्दीतील गावात पोहोचण्यासाठी दुसऱ्या महापालिकेची हद्द ओलांडायची! हे धारावी बेट म्हणजे दादर-शीवजवळची सुप्रसिद्ध वस्ती नव्हे. वसईच्या खाडीपासून मनोरीच्या खाडीपर्यंत पसरलेला, गोराई, मनोरी, उत्तन, डोंगरी अशा गावांचा हा भूभाग. १७३७ ते १७३९ या काळातील चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेत याच बेटासाठी मराठे आणि पोर्तुगीज यांच्यात निकराचा संघर्ष झाला होता. इतिहासात ज्या भूमीचे मोल जाणत्यांनी रक्त देऊन ओळखले, ती भूमी आज मुंबईच्या नकाशावर जेमतेम एक हिरवा ठिपका उरली आहे.

येथे कोळी, आगरी, भंडारी आणि ईस्ट इंडियन समाजाची जुनी वस्ती आहे. डोल जाळ्यांची मासेमारी, भातशेती, भाजीचे मळे, सुकवलेले बोंबील हा येथील जुना संसार. सुटीच्या दिवशी किनाऱ्यावर येणारा मुंबईकर या गावाकडे सहलीचे ठिकाण म्हणून पाहतो. गावाच्या दृष्टीने मात्र ही खाडी रोज ओलांडायची असते. महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी, मालाडच्या बाजारात टोपली घेऊन निघालेली कोळीण, मोठ्या रुग्णालयासाठी कांदिवली किंवा बोरिवली गाठणारा रुग्ण, या सर्वांचे घड्याळ भरती-ओहोटीशी आणि शेवटच्या बोटीशी बांधलेले आहे. मनोरीचा नागरिक महापालिकेचा कर भरतो, महापालिकेला मत देतो आणि महापालिकेच्या सुविधा मात्र खाडीपलीकडे असतात. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी विकासाची कसोटी म्हणून रांगेतील शेवटचा माणूस सांगितला. मुंबईच्या रांगेत तो शेवटचा माणूस मनोरीच्या धक्क्यावर उभा आहे.

गंमत अशी, की मुंबईच्या पुढील पंचवीस वर्षांचे बहुतेक मोठे प्रश्न याच लहानशा गावाच्या अंगणात येऊन थांबले आहेत. पाण्याचा प्रश्न घ्या. मुंबईला सात तलावांतून दररोज सुमारे चार हजार दशलक्ष लिटर पाणी मिळते. विहार आणि तुळशी नगरीच्या कुशीत आहेत; तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा आणि भातसा यांच्यासाठी मात्र मुंबई ठाणे-पालघर-नाशिकच्या डोंगरांवर अवलंबून आहे. २०१४ साली मध्य वैतरणा प्रकल्प पूर्ण झाल्यानंतर नवा मोठा स्रोत मिळालेला नाही. पाऊस लांबला की दरवर्षी जून-जुलैत कपातीची टांगती तलवार असतेच. त्यावर उपाय म्हणून मनोरी येथे समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प पुढे आला. प्रारंभी दररोज २०० दशलक्ष लिटर आणि पुढे ४०० दशलक्ष लिटर अशी त्याची योजना. जून २०२१ मध्ये इस्रायलच्या आयडीई या कंपनीशी अहवाल तयार करण्याचा करार झाला. त्यानंतर निविदा, मुदतवाढ, फेरनिविदा यांत वर्षे गेली आणि करारानंतर जवळपास पाच वर्षांनीही गोड्या पाण्याचा थेंब निघालेला नाही.

प्रकल्पाच्या तत्त्वाला आमचा विरोध नाही. चेन्नईने २०१० साली मिंजूर आणि २०१३ साली नेम्मेली येथे असे प्रकल्प उभारून दाखवले. इस्रायलसारख्या देशाने याच मार्गाने तहान भागवली. परंतु प्राधान्यक्रम ठरवताना हिशेब पूर्ण मांडला पाहिजे. समुद्राचे पाणी दाबाखाली पडद्यांतून गाळण्यासाठी एक हजार लिटरमागे साधारण तीन ते चार युनिट वीज लागते. म्हणजे २०० दशलक्ष लिटरसाठी दररोज सहा ते आठ लाख युनिट. जेवढे गोडे पाणी मिळते, त्याहून अधिक खारट पाणी पुन्हा समुद्रात सोडावे लागते आणि त्याची क्षारता मूळ पाण्याच्या दुपटीच्या जवळ जाते. हे पाणी किती खोल, किनाऱ्यापासून किती दूर आणि कोणत्या प्रवाहात सोडायचे, यावर मनोरीच्या डोल जाळ्यांचे भवितव्य अवलंबून आहे. याचे उत्तर अभियंत्यांच्या अहवालात असेल. परंतु ते मराठीत, गावसभेत, कोळ्यांच्या शंकांना सामोरे जात दिले गेले पाहिजे. समुद्राचे प्रवाह ओळखण्यात ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांना या विषयातले अडाणी समजण्याची चूक कोणी करू नये.

याच हिशेबाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. पहिल्या टप्प्यातील २०० दशलक्ष लिटर म्हणजे आजच्या पुरवठ्याच्या पाच टक्के. गळती आणि चोरी यांत वाया जाणारे पाणी याच्या कितीतरी पट आहे, हे महापालिकेचे अधिकारीच वेळोवेळी सांगत आले आहेत. पुरवठ्यातील केवळ दहा टक्के पाणी वाचवता आले तरी मनोरीसारखे दोन प्रकल्प उभारल्याचे श्रेय मिळेल, आणि त्यासाठी समुद्रात एक थेंबही खारट पाणी सोडावे लागणार नाही. जुन्या जलवाहिन्या बदलणे, जलमापके बसवणे, टँकरच्या धंद्याला वेसण घालणे या कामांना भूमिपूजनाचा थाट नसतो. जमिनीखालच्या नळावर कोनशिला बसवता येत नाही. म्हणूनच ती मागे पडतात. मनोरीला पर्याय म्हणून बाजूला ठेवलेले गारगाई धरण आता पुन्हा पटलावर आले आहे आणि त्यासाठी पालघर जिल्ह्यातील वनभूमी आणि वनवासी पाड्यांना किंमत मोजावी लागणार आहे. गळती थांबवण्याआधी वनवासी बांधवांच्या दारात पाणी मागायला जाणे नैतिकदृष्ट्याही योग्य नव्हे. आणखी एक अपेक्षा अगदी साधी आहे. मुंबईची तहान भागवणारा प्रकल्प जेथे उभा राहील, त्या गावाच्या नळाला पुरेशा दाबाने पाणी येण्याची हमी प्रकल्पाच्या पहिल्याच पानावर असावी. धरणाच्या पायथ्याशी राहणाऱ्याने तहानलेले राहायचे, ही महाराष्ट्राची जुनी व्यथा समुद्रकिनारी तरी पुन्हा अवतरू नये.

पाण्यामागोमाग सांडपाणी येते. तुळशी तलावापासून निघणारी दहिसर नदी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून निर्मळ बाहेर पडते आणि वस्तीत शिरताच तिचा नाला होतो. तो नाला शेवटी मनोरीच्या खाडीला मिळतो. मालाड, कांदिवली, बोरिवलीच्या लाखो घरांतील मैल्याचा भार पश्चिम उपनगरांच्या खाड्या वर्षानुवर्षे वाहत आहेत. खाडीतली कालवे, शिंपल्या, चिंबोऱ्या, निवट्या यांवर जगणाऱ्या कोळी स्त्रियांचा रोजगार कोणत्याही आंदोलनाविना, कोणत्याही भरपाईविना निघून गेला. वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप येथे मिळून २,४६४ दशलक्ष लिटर क्षमतेच्या सात मलजल प्रक्रिया केंद्रांचे भूमिपूजन जानेवारी २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झाले. हे या नगरीचे गेल्या अनेक दशकांतील सर्वांत मोलाचे काम आहे. ते ठरल्या मुदतीत पूर्ण होते की नाही, याचा आढावा सभागृहाने दर तिमाहीस जाहीरपणे घ्यावा. घरातील घाण शेजाऱ्याच्या अंगणात टाकणाऱ्यास आपण सुसंस्कृत म्हणत नाही. नगरीला तरी वेगळा न्याय का लावावा?

गोराईचेच एक चांगले उदाहरण समोर आहे. बोरिवली पश्चिमेकडील गोराईची कचराभूमी २००७ च्या सुमारास शास्त्रीय पद्धतीने बंद करण्यात आली. कचऱ्याच्या डोंगरावर आच्छादन घातले गेले, त्यातून निघणारा वायू एकत्र करण्याची व्यवस्था झाली. दुर्गंधीने हैराण झालेल्या परिसराने मोकळा श्वास घेतला. ठरवले तर महापालिका काय करू शकते, याची ती साक्ष आहे. देवनार आणि कांजूरमार्ग येथील रहिवासी त्या मोकळ्या श्वासाची अद्याप वाट पाहत आहेत.

तिसरा प्रश्न तिवरांचा. वर्सोव्यापासून दहिसर-भाईंदरपर्यंत जाणाऱ्या सागरी मार्गासाठी ४५ हजारांहून अधिक तिवरांना बाधा पोहोचणार आहे. डिसेंबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लोकहिताचे काम म्हणून परवानगी दिली. न्यायालयाचा निर्णय शिरोधार्य आहे. पश्चिम द्रुतगती मार्गावर रोज अडकणाऱ्या लाखो प्रवाशांना दिलासा हवा, यातही वाद नाही. पण परवानगी मिळाली म्हणजे जबाबदारी संपली असे होत नाही, उलट ती तेथून सुरू होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा नद्या आणि खाड्यांच्या मुखाशी केलेल्या अतिक्रमणांची किंमत मुंबईने प्राणांनी मोजली. तिवरे ही भरतीला आणि पुराला अडवणारी मुंबईची तटबंदी आहे. शिवशाहीच्या राजनीतीचे सार ज्यात उतरले त्या रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी लाकूड हवे असतानाही रयतेची झाडे तिच्या राजीखुशीवाचून तोडू नयेत, असा दंडक घातलेला आहे. आरमार ही राज्याची निकड होती, तरीही! शिवछत्रपतींचे नाव घेऊन सत्तेत आलेल्यांना हा दंडक परका वाटू नये. भरपाईची तिवरे मुंबईच्या किनाऱ्यावरच, त्याच खाड्यांच्या काठी लावली जावीत. लावलेल्या रोपांपैकी पाच वर्षांनी किती जगली, याची मोजदाद त्रयस्थ संस्थेकडून व्हावी आणि ती प्रसिद्ध व्हावी.

आणि एक विचित्र विसंगती. हजारो कोटींचे मार्ग मनोरी-गोराईच्या परिसरातून जाणार, परंतु मार्वे ते मनोरी ही चिमुकली खाडी सन्मानाने आणि सुरक्षितपणे ओलांडण्याची सोय मात्र चर्चेतच. पुलाच्या घोषणा गावाने ऐकल्या आहेत. पूल व्हावा की न व्हावा, याविषयी गावातच दोन मते आहेत. रुग्ण आणि विद्यार्थी यांच्या सोयीसाठी पूल हवा असे काहींना वाटते. पुलामागोमाग बिल्डर येतील आणि गाव गिळतील, अशी भीती इतरांना आहे. दोन्ही मते रास्त आहेत. त्यांचा समन्वय करणे यालाच कारभार म्हणतात. तोवर धक्क्याची दुरुस्ती, ओहोटीतही लागू शकेल अशी बोट, रात्रीची आपत्कालीन नौका आणि गावात चोवीस तास वैद्यकीय सोय, एवढ्या गोष्टींना पुलाची वाट पाहण्याची गरज नाही.

बिल्डर येतील ही भीती निराधार नाही, म्हणून चौथा प्रश्न गावठाणे आणि कोळीवाडे यांचा. मुंबईचा २०३४ पर्यंतचा विकास आराखडा २०१८ साली मंजूर झाला. परंतु कोळीवाड्यांच्या सीमा निश्चित करण्याचे काम रेंगाळतच राहिले. सीमाच ठरली नाही तर घराची दुरुस्ती करणारा मूळ भूमिपुत्र कागदोपत्री अतिक्रमणकर्ता ठरतो आणि जाळी विणण्याची, मासळी वाळवण्याची मोकळी जागा ‘रिकामा भूखंड’ म्हणून नोंदली जाते. पर्यटनाच्या नावाने या बेटाचे रूप पालटण्याच्या योजना याआधी अनेकदा आल्या आणि स्थानिकांनी एकजुटीने त्यांना विरोध केला. कोळी असो, आगरी असो वा ईस्ट इंडियन, त्या विरोधात उपासनापद्धतीच्या भिंती आड आल्या नाहीत. गाव राखायचे, एवढी एकच भावना होती. आम्ही ज्या समरसतेची भाषा बोलतो, ती येथे न सांगता जगली जाते. पर्यटन जरूर यावे, पण ते गावकऱ्यांच्या घरात, गावकऱ्यांच्या मालकीने, गावकऱ्यांच्या हाताला काम देत. मुंबईचे मूळ रहिवासी मुंबईत पाहुणे ठरू नयेत, ही अपेक्षा संकुचित नाही. स्वदेशीचा पहिला अर्थ आपल्या भूमीवर आपल्या माणसाचे पाय घट्ट असणे हाच आहे.

हे सारे करायला पैसा लागतो, आणि येथे नव्या कारभाऱ्यांपुढची सर्वांत अवघड वाट सुरू होते. महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. काही राज्यांचाही एवढा नसतो. परंतु मोठा आकडा म्हणजे मजबूत पाया नव्हे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि वर्षाला सुमारे सात हजार कोटी देणारी जकात गेली. तिच्या जागी राज्य सरकारकडून मिळणारी भरपाई आली. म्हणजे हक्काचे उत्पन्न जाऊन मिळकत दुसऱ्याच्या हातून येऊ लागली. २०२२ साली ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला. मध्यमवर्गाला तो दिलासा होता, पण तिजोरीला ते छिद्र होते. मोठ्या प्रकल्पांची देणी ठेवींच्या पुढे निघून गेली आणि एके काळी नव्वद हजार कोटींपुढे गेलेल्या ठेवी कमी होत आहेत. दुसरीकडे सामान्यांची बेस्ट मरणासन्न आहे. मे २०२५ मध्ये तिचे किमान भाडे पाचावरून दहा रुपये झाले, आणि बसथांब्यावरची रांग मात्र तशीच राहिली. अशा वेळी कोणतेही काम आधी घेणे म्हणजे दुसरे कोणते तरी काम नंतर ढकलणे असते. प्राधान्यक्रम ठरवणे म्हणजे नकार देण्याचे धैर्य दाखवणे. निवडणुकीत दिलेल्या सर्व आश्वासनांना एकाच वर्षी होकार देणारा कारभारी एकही आश्वासन पाळू शकत नाही.

हे धैर्य कोठून येईल? आमच्या मते ते लोकांच्या सहभागातून येईल. प्रभाग समित्या कायद्याने आहेत. त्या बहुधा नगरसेवक आणि अधिकारी यांच्यातील देवघेवीपुरत्या उरल्या आहेत. २००९ साली महाराष्ट्राने क्षेत्रसभांची तरतूद कायद्यात केली. ग्रामसभेप्रमाणे शहरातही मतदाराने आपल्या भागाच्या कामांवर प्रत्यक्ष बोलावे, ही त्यामागची कल्पना. सत्तेतील एकाही पक्षाला ती प्रत्यक्षात आणण्याची इच्छा झाली नाही, कारण प्रश्न विचारणारी सभा कोणालाच नको असते. नव्या सत्तेला खरोखर वेगळेपण दाखवायचे असेल तर तिने पहिली क्षेत्रसभा मनोरीत घ्यावी. महापौर, आयुक्त आणि प्रकल्पांचे अभियंते मार्व्याच्या बोटीतून पलीकडे जावेत आणि पाण्यापासून पुलापर्यंतच्या प्रत्येक विषयावर गावाचे म्हणणे कार्यवृत्तात नोंदवून घ्यावे. त्या नोंदीचे काय झाले, हे सहा महिन्यांनी त्याच गावात येऊन सांगावे. यासाठी नवा कायदा नको, नवी तरतूद नको. इच्छा तेवढी हवी.

विचारांची सत्ता आल्यावर कार्यकर्त्यांपुढे नेहमीच एक मोह उभा राहतो. आपली माणसे आहेत, तर प्रश्न कशाला विचारायचे, हा तो मोह. या मोहाला बळी पडलेल्या चळवळी कालांतराने सत्तेच्या सावलीत वाळून जातात, हा इतिहास आपण इतरांच्या बाबतीत पाहिलेला आहे. सत्ता हे साधन आहे असे आपण म्हणतो. साधनाची धार तपासणे हे ते हाती घेणाऱ्याचेच काम असते. म्हणून येत्या पाच वर्षांत विरोधी बाकांवरून होणाऱ्या टीकेपेक्षा समर्थकांच्या सावध नजरेची या कारभाराला अधिक गरज भासेल. विरोधकांची टीका राजकारण म्हणून झटकून टाकता येते. स्वकीयांचा प्रश्न झटकता येत नाही.

सागरी मार्ग किती किलोमीटर झाला आणि किती काँक्रीट ओतले गेले, याचे आकडे २०३१ च्या निवडणुकीआधी जाहिरातींतून येतीलच. मुंबईकरांनी मात्र आपली मोजपट्टी आजच ठरवून ठेवावी. मनोरीच्या नळाला पाणी आले का? खाडीत शिंपल्या परतल्या का? मध्यरात्री आजारी पडलेल्या माणसाला सकाळच्या पहिल्या बोटीची वाट पाहावी लागते का? कोळ्याच्या घराची सीमा सातबाऱ्यावर लागली का? या चार प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली, तर उर्वरित मुंबईचा कारभारही चोख झाला असे खुशाल समजावे; कारण जो कारभार खाडी ओलांडून शेवटच्या गावापर्यंत पोहोचतो, तो वाटेतल्या कोणालाही वगळू शकत नाही.